कड्यावरचा वारा आणि वाटेवरचा माणूस

एखादे स्थळ फार सुंदर आहे असे ऐकून आपण ते पाहावयास जातो. पाहून मन प्रसन्न होते. मग कोणी तरी सांगतो की, याच जागी पूर्वी माणसांचा संहार झाला होता. आता त्या प्रसन्नतेचे काय करावे? ती तशीच ठेवावी तर निर्दयपणा होतो काय? आणि टाकून द्यावी तर नुकतेच जे डोळ्यांनी पाहिले, मनाने मानले, त्याच्याशी खोटेपणा होतो काय? प्रश्न दिसतो साधा. पण हातात घेतला म्हणजे तो चांगलाच अवघड आहे असे कळते. या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. विचार नुसता अधांतरी राहू नये, म्हणून एक खरेखुरे स्थळ समोर ठेवतो.

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर हवाई नावाची बेटे आहेत. तेथून अमेरिकेचा किनारा सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. चोहोंकडे पाणीच पाणी. माणसांची वस्ती असून इतकी एकाकी पडलेली बेटे जगात फार थोडी असतील. त्यांपैकी ओआहू या बेटावर होनोलुलु शहर वसले आहे. शहराच्या पाठीशी कोओलाऊ नावाची डोंगराची रांग भिंतीसारखी उभी आहे, आणि त्या भिंतीला एके ठिकाणी खाच पडली आहे. त्या खिंडीचे नाव नुउआनु पाली. पाली म्हटल्याबरोबर आपल्याला बल्लाळेश्वराची पाली आठवेल. तिचा याच्याशी काही संबंध नाही. तिकडच्या भाषेत 'पाली' म्हणजे कडा आणि 'नुउआनु' म्हणजे थंड उंचवटा. दोन्ही शब्द जागेला अगदी शोभून दिसतात.

शहराच्या बाजूने चढण सोपी आहे. दाट झाडीतून, ओल्या सावलीतून वाट हळूहळू वर जाते. आपण डोंगर चढतो आहो असे फारसे वाटतही नाही. मग सुमारे १,२०० फूट उंचीवर जमीन एकाएकी संपते. पुढे पाऊल टाकावयास काही नाही. समोर सरळ तुटलेला हिरवा कडा, खाली शेते, वाड्या, गावे, त्यापलीकडे कानेओहेची उथळ खाडी, तिच्या पाण्याचे दहा प्रकारचे निळे-हिरवे रंग, आणि मग क्षितिजापर्यंत समुद्र. एका अंगाला ३,१०० फूट उंचीचे कोनाहुआनुई नावाचे शिखर बहुतेक वेळ ढगात डोके घालून बसलेले असते.

आणि वारा! ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे हजारो मैल उघड्या समुद्रावरून धावत येतात, त्यांना पहिला अडथळा होतो तो या डोंगराचा. भिंत आडवी आली म्हणजे वारा वाट शोधतो, आणि सापडेल त्या फटीतून घुसतो. ती फट म्हणजे ही खिंड. जोराचा वारा असेल तर पुढे झुकून उभे राहावे, तो अंग तोलून धरतो. बोललेला शब्द तोंडातून निघताच मागे उडून जातो. पाऊस झाला म्हणजे जवळच्या एका धबधब्याचे पाणी खाली पडावयाचे सोडून वर उडते. तिकडचे लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात असा प्रकार आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

प्रस्तुत लेखकास एका आप्ताच्या आग्रहाने तेथे जाण्याचा योग आला. बरोबर घरच्या एक वृद्ध काकू होत्या. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, कठड्याला धरून घटकाभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा वारा नव्हे. पुढं जाऊ नको, मागं हो, असं म्हणून कुणीतरी लोटतंय बघा." काकूंना तेथला इतिहास ठाऊक नव्हता. पण वारा समुद्राकडून कड्यावर येतो, त्यामुळे कड्याच्या टोकाशी उभे राहणाऱ्याला तो खरोखरच मागे लोटतो. त्यांचे शब्द पुढची हकीगत कळल्यावर फार निराळे वाटू लागले.

ती हकीगत अशी. त्या काळी या बेटांवर निरनिराळे राजे होते आणि त्यांच्यात नेहमी लढाया चालत. दक्षिणेकडील सर्वांत मोठ्या बेटाचा, म्हणजे खुद्द हवाईचा, राजा कामेहामेहा याने सर्व बेटे एका सत्तेखाली आणण्याचे मनावर घेतले. इ. स. १७९५ मध्ये तो होड्यांचे मोठे आरमार घेऊन ओआहूवर उतरला. त्याच्याजवळ परदेशी खलाश्यांकडून मिळालेल्या तोफा आणि बंदुका होत्या. ओआहूचा राजा कालानिकूपुले. कामेहामेहाचा काइआना नावाचा एक सरदारही ऐन वेळी फुटून त्याला मिळाला होता. नुउआनुच्या दरीत लढाई जुंपली. ओआहूचे सैन्य मागे हटत हटत दरी चढू लागले. काइआना पडला. आणि दरी कोठे संपते, ते वर सांगितलेच आहे. मागे शत्रू, पुढे कडा. काही निसटले, काही लढून मेले, आणि पुष्कळसे त्या कड्यावरून खाली गेले. कोणी म्हणतात ढकलले, कोणी म्हणतात त्यांनी उड्या घेतल्या. किती गेले याविषयी निरनिराळे आकडे सांगतात. ४०० हा आकडा पुष्कळदा ऐकू येतो. पुढे १८९७-९८ मध्ये खिंडीतून गाडीरस्ता करू लागले तेव्हा कड्याच्या पायथ्याशी सुमारे ८०० कवट्या सापडल्या असे म्हणतात. कालानिकूपुले त्या दिवशी निसटला. पण काही महिन्यांनी सापडला आणि विजेत्याच्या युद्धदेवतेपुढे त्याचा बळी देण्यात आला.

तिकडचे लोक या लढाईला जे नाव देतात ते ऐकण्यासारखे आहे. 'कालेलेआकाआनाए', म्हणजे आनाए माश्यांची उडी. आनाए म्हणजे आपल्या कोकणात ज्याला बोय म्हणतात त्या जातीचा मासा. जाळ्यात कोंडला गेला म्हणजे तो पाण्याबाहेर उसळ्या मारतो. त्या नावात राजाचा जयजयकार नाही आणि पराक्रमाचे वर्णनही नाही. कोंडलेला जीव कसा उसळतो, एवढेच लोकांनी लक्षात ठेवले आणि नावात घातले.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. वाऱ्याच्या त्या खिंडीत रोज शेकडो माणसे येतात, हसतात, छायाचित्रे काढतात, टोप्या उडाल्या म्हणून त्यांच्यामागे धावतात. यात काही वावगे आहे काय?

कोणी म्हणेल, "वावगे आहेच. शेजाऱ्याच्या घरी माणूस गेला आहे, अंगणात मंडळी खाली मान घालून बसली आहेत. अशा वेळी तुम्ही त्याच अंगणात उभे राहून, 'वा, जास्वंद काय सुंदर फुललीय!' असं म्हणाल का हो?" हे म्हणणे खरे आहे. आपण तसे म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलेच तर त्याला शहाणा समजणार नाही. जास्वंद फुललेली असते, ती सुंदरही असते. पण तेव्हा तिच्याकडे पाहण्याची वेळ नसते.

परंतु यावर विचारता येईल, ती वेळ केव्हा येते? आपल्याकडे सुतक दहा दिवसांचे. सव्वादोनशे वर्षांहून जुन्या मृत्यूचे सुतक कोण पाळणार? आणि ते आपले कोण लागत होते? परक्याचे सुतक आपल्याला लागत नाही. म्हणून पुष्कळ लोक हा प्रश्न येथेच मिटवून टाकतात : फार दिवस झाले, ते लोक आपले नव्हते, चला, फोटो काढा. पण हे उत्तर मनाला पटत नाही. काळ लोटल्याने दुःख करणारे संपतात, हे खरे. परंतु झालेली गोष्ट त्यामुळे न झालेली होत नाही. आणि 'आपले नव्हते' या शब्दांचे काय सांगावे! कड्यावर माणसे लोटणारेही मनात हेच म्हणत असले पाहिजेत. ज्या वाक्याच्या आधाराने तो संहार होऊ शकला, त्याच वाक्याच्या आधाराने आपण आपला आनंद सुखाने भोगावा, हे शोभत नाही.

दुसरा एक पक्ष असा आहे. तो म्हणतो, रक्त न सांडलेली भूमी दाखवा पाहू. आणि याला पुरावा याच खिंडीत मिळतो. ओआहूचा तो पराभूत राजा कालानिकूपुले, त्याच्याविषयी आपल्याला कळवळा येतो. पण त्याचे घराणे मूळचे माऊई बेटाचे. त्याचा बाप काहेकिली याने १७८३ मध्ये ओआहूच्या राजाला हरवून हे बेट जिंकले होते, आणि मागाहून बंड झाले तेव्हा येथल्या सरदारांची भयंकर कत्तल केली होती. म्हणजे १७९५ मध्ये जो स्वदेशाचा रक्षक म्हणून लढला तो बारा वर्षांपूर्वीच्या आक्रमकाचा मुलगा. मग कोणाची बाजू घ्यायची? कोणाकरिता शोक करायचा? या हिशेबाने पाहिले तर कोणत्याही शेतातले धान्य खाता येणार नाही आणि कोणत्याही नदीत स्नान करता येणार नाही.

या पक्षातील अर्धे खरे घ्यावे आणि अर्धे सोडावे. निर्मळ भूमी कोठेच नाही, हे खरे. म्हणून रक्ताच्या आठवणीने आनंद कायमचा वर्ज्य ठरवला तर माणसाला पृथ्वीवर उभे राहावयासच जागा उरत नाही, हेही खरे. पण 'सगळीकडेच असे झाले आहे' या वाक्यातून 'म्हणून कोठेही काही वाटून घेण्याचे कारण नाही' हे वाक्य निघत नाही. सर्व घरांत केव्हा ना केव्हा मृत्यू झालेला असतो. एवढ्यावरून कोणी समाचाराला जाणे सोडत नाही. शिवाय राजांची बाजू घेणे आणि कड्यावरून गेलेल्या माणसांसाठी वाईट वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्या शेकड्यांतले बहुतेक कोळी असतील, शेतकरी असतील. राज्य काहेकिलीच्या मुलाचे की कामेहामेहाचे, याने त्यांच्या अळूच्या खाचरात काय फरक पडणार होता?

आता तिसरा पक्ष, आणि हा आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटण्याचा संभव आहे. एक सद्गृहस्थ म्हणतील, "अहो, एवढ्या उंचीवर उभं राहिल्यावर सगळं क्षुद्र वाटतं. राजे गेले, सैन्यं गेली, वारा तेवढा राहिला. काळाचा खेळ आहे हा. कोण मारणार नि कोण मरणार!" हे बोलणे ऐकावयास गोड आहे, आणि ती जागा तसे बोलावयास लावतेच. भूगर्भशास्त्राचे जाणकार सांगतात की, कोओलाऊचा डोंगर हा एका प्रचंड ज्वालामुखीचा उरलेला भाग आहे. दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी त्याचा ईशान्येकडचा मोठा भाग तुटून समुद्रात गेला; त्याचे अवशेष सागराच्या तळाशी फार लांबवर पसरलेले आढळले आहेत. उरलेल्या भागाला पाऊस आणि ओढे यांनी कोरले, म्हणून आजचा तो देखणा कडा. अर्धा डोंगर जेथे समुद्रात गेला तेथे चारशे माणसांची काय कथा, असे मनात येणे साहजिक आहे.

परंतु सज्जनहो, येथेच सावध राहिले पाहिजे. डोंगर तुटला, त्याला कोणी तोडला नाही. तेथे कर्ता नाही, हेतू नाही, दोष नाही. माणसे कड्यावरून गेली तेथे कर्ता आहे. कोणी तरी आज्ञा दिली, कोणी तरी ती पाळली, आणि दोघांनाही ती न देण्याची, न पाळण्याची मोकळीक होती. दोन्ही पडझडी एकाच जागी झाल्या म्हणून त्या एकाच जातीच्या होत नाहीत. 'सगळा काळाचा खेळ' असे म्हणून आपण खुनाला दरड कोसळण्याच्या पंक्तीला बसवतो, आणि वर त्याला वैराग्य हे नाव देतो. स्वतःच्या लाभाहानीविषयी उदासीन होणे हे वैराग्य. दुसऱ्याच्या वेदनेविषयी उदासीन होण्याला दुसरा शब्द आहे. उंच जागेवरून खालची माणसे मुंगीएवढी दिसतात. हा दृष्टीचा गुण आहे, माणसे काही लहान होत नाहीत. आपल्याला कोणी उंचावरून पाहून मुंगी समजले तर आपण ते तत्त्वज्ञान म्हणून मान्य करू काय?

खिंडीत एक धातूचा फलक बसवलेला आहे. तो १९०७ साली तेथील एका संस्थेने लावला. कामेहामेहाने ओआहूच्या सैन्याला कड्यापर्यंत रेटले, खाली लोटले, आणि 'अशा रीतीने' आपल्या राजवंशाची स्थापना केली, असा त्याचा आशय आहे. हा 'अशा रीतीने' शब्द मोठा चमत्कारिक आहे. तो वाचणाऱ्याला हळूच सांगतो की, झाले ते काही तरी मोठ्या गोष्टीसाठी झाले. पण त्या मोठ्या गोष्टीचे पुढे काय झाले? पाचवा कामेहामेहा १८७२ मध्ये निपुत्रिक वारला आणि त्या गादीवरची वंशपरंपरा तुटली. राजवंश ७७ वर्षे टिकला. १८९३ मध्ये राज्यही गेले आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. फलाकडे पाहून कर्म योग्य ठरवावयाचे म्हटले तर फल कोणत्या वर्षी मोजायचे, हे कोणी सांगत नाही.

एवढ्याने कामेहामेहाला दुष्ट ठरवून मोकळे होता आले असते तर विषय सोपा झाला असता. पण त्याच माणसाची दुसरी एक गोष्ट आहे, आणि तीच या विषयाची किल्ली आहे असे आम्हांस वाटते.

परंपरा असे सांगते की, कामेहामेहा तरुण असताना, राज्य मिळण्याच्या पुष्कळ आधी, एकदा पुना नावाच्या भागात लूटमार करीत गेला. किनाऱ्यावर काही गरीब कोळी मासे धरीत होते. तो त्यांच्यामागे लागला. धावता धावता लाव्हाच्या खडकाच्या भेगेत त्याचा पाय अडकला. पळणाऱ्यांपैकी एक कोळी मागे फिरला आणि हातातले वल्हे त्याने कामेहामेहाच्या डोक्यात इतक्या जोराने घातले की वल्ह्याच्या चिरफाळ्या झाल्या. मनात आणले असते तर त्याला जीव घेता आला असता. त्याने तो घेतला नाही. तो निघून गेला. पुढे वर्षे लोटली, कामेहामेहा राजा झाला, आणि कोळ्यांना पकडून त्याच्यापुढे आणले गेले. सगळ्यांना वाटले, आता यांची धडगत नाही. राजा म्हणाला की, चूक माझी होती; निरपराध माणसांवर मी चालून गेलो होतो. त्याने त्यांना सोडून दिले आणि एक कायदा केला. त्याला तुटक्या वल्ह्याचा कायदा म्हणतात. त्याचे साल १७९७ असे देतात. म्हणजे नुउआनुच्या लढाईनंतर अवघ्या दोन वर्षांनी!

कायदा लहानसाच आहे. म्हाताऱ्यांनी, बायकांनी, मुलांनी घराबाहेर पडून रस्त्याच्या कडेला निर्धास्त पडून राहावे, त्यांना कोणी इजा करता कामा नये. हे त्याचे सार. आणि ही नुसती जुनी कथा राहिलेली नाही. १९७८ मध्ये हवाई राज्याच्या घटनेत या कायद्याचा समावेश केला गेला. लोकांच्या सुरक्षिततेविषयी राज्याला वाटणाऱ्या काळजीचे ते प्रतीक समजले जाते.

आता कोणी विचारील, या कायद्याने त्या चारशे माणसांचा हिशेब चुकता झाला काय? नाही. तो कोणत्याही कायद्याने चुकता होणार नाही. मेलेला माणूस क्षमा करू शकत नाही, त्यामुळे त्याचे ऋण त्याच्याजवळ फेडताच येत नाही. ही गोष्ट कडवट आहे, पण ती नीट गिळली पाहिजे. मात्र ज्याचे ऋण त्याच्याजवळ फेडता येत नाही, ते दुसऱ्या कोणाजवळ फेडावे लागते. आईबापांचे आपण मुलांजवळ फेडतो, तसे. कामेहामेहाने कोळ्याच्या हातचा मार खाल्ला, आणि कायदा केला तो त्या एका कोळ्यापुरता केला नाही. वाटेवरच्या ज्या कोणा दुबळ्याला भय आहे त्या सर्वांसाठी केला. मेलेल्यांची आठवण खरी आहे की खोटी, हे ओळखण्याची खूण हीच. जिवंत दुबळ्याची वाट तिने थोडी निर्भय झाली तर आठवण खरी.

खिंड ही मुळात वाटच आहे, हे येथे लक्षात घ्यावे. लढाई झाली एक दिवस. वाट चालली शेकडो वर्षे. डोंगराच्या दोन बाजूंच्या लोकांना एकमेकांकडे जावयास ती जवळची वाट होती. वाटसरू तेथल्या दोन मोठ्या दगडांपाशी फुले किंवा झाडाच्या सालीच्या वस्त्राचा तुकडा ठेवीत, आणि सुखरूप उतरू दे म्हणत. डुकराचे मांस घेऊन ती खिंड ओलांडू नये, अशी समजूत तिकडे अजून आहे; ज्वालामुखीची देवी पेले आणि वराहरूपी कामापुआआ यांच्या भांडणाची त्यामागे कथा आहे. १८४५ च्या सुमारास वाट रुंद झाली, मग गाडीरस्ता झाला, आणि १९५० नंतरच्या दशकात डोंगरातून बोगदे काढून हमरस्ता नेण्यात आला. आता कामावर जाणारा माणूस खिंड न पाहताच खालून पलीकडे जातो, आणि वर जातो तो फक्त पाहणारा. जुना वाटसरू डोंगराची परवानगी मागत असे, कारण त्याला तेथून जिवंत उतरावयाचे होते. आजच्या प्रेक्षकाला भय नाही, म्हणून त्याला परवानगी मागण्याचे सुचत नाही. दोष त्याचा नाही. पण त्यात काही तरी हरवले आहे खरे.

याच बेटावरची आजची एक गोष्ट सांगितली पाहिजे. होनोलुलुत घर नसलेली माणसे पुष्कळ आहेत. घरांची भाडी भयंकर, आणि बेट असल्यामुळे दुसरीकडे जाणेही सोपे नाही. अशी माणसे पदपथावर पथारी टाकतात. २०१४ मध्ये वायकीकी या प्रवाशांच्या आवडत्या भागात पदपथावर बसण्या-निजण्यास मनाई करणारा नियम शहराने केला, आणि पुढे तो आणखी भागांस लावण्यात आला. याला विरोध करणाऱ्यांनी तुटक्या वल्ह्याच्या कायद्याची आठवण करून दिली. म्हातारे, बायका, मुले रस्त्याच्या कडेला निर्धास्त निजोत असे ज्या राज्याच्या घटनेत आहे, तेथे कडेला निजणे गुन्हा कसा? दुसऱ्या बाजूलाही म्हणणे आहे. दुकानदाराच्या दारात घाण होते, येणाजाणाराला वाट राहत नाही, निवारा दिला तर काही जण तो घेत नाहीत. हा वाद येथे सोडवण्याचा आमचा अधिकार नाही. आम्हांला दिसते ते एवढेच की, खिंड पाहावयास गेलेला प्रवासी याच शहरात उतरतो, आणि त्याच्या डोळ्यांना सर्व काही सुंदर दिसावे हेही त्या माणसाला उठवण्यामागचे एक कारण आहे.

म्हणून आमचा प्रश्न आता बदलतो. १७९५ च्या मृतांना आपल्या हसण्याने इजा होत नाही आणि आपल्या उसाशाने लाभ होत नाही. पण आपला सौंदर्याचा आनंद कोणाला तरी बाजूला सारून उभा आहे काय, हे आज विचारता येते. सारून उभा असेल तर तो आनंद अशुद्ध आहे; मग ते स्थळ कितीही पवित्र असो, आणि तेथे रक्ताचा थेंबही सांडलेला नसो. आनंदाने डोळे उघडून वाटेवर निजलेला माणूस दिसू लागला, तर तो शुद्ध आहे. मग त्या जागेचा इतिहास कसाही असो.

कोणी म्हणेल की, हे बोलावयास ठीक, पण आनंदाला कोणासाठी सरकवता येते थोडेच? येते. याच बेटांपैकी माऊईवर, होनोकाहुआ येथे, समुद्रकाठी एक मोठे हॉटेल बांधावयाचे ठरले होते. जागा अत्यंत रमणीय. खोदू लागले तेव्हा वाळूत पूर्वजांची शेकडो दफने निघाली. लोक खवळले, विरोध झाला, आणि १९८८ च्या अखेरीस उत्खनन थांबवण्यात आले. हॉटेल समुद्रापासून थोडे मागे नेले, अस्थी पुन्हा त्याच जागी पुरल्या, आणि १९९० मध्ये राज्याने अशा दफनांच्या रक्षणाचा कायदा केला. हॉटेल झाले, पाहुणे येतात, समुद्र पाहतात. कोणाचाही आनंद त्यामुळे बुडाला नाही. तो काही पावले मागे सरला, एवढेच. हा दाखला आम्हांस फार मोलाचा वाटतो. देखावा आणि आठवण यांचे वैर नाही. हट्ट कोणी धरला तर ते उत्पन्न होते.

तेव्हा त्या खिंडीत जाणाऱ्याने काय करावे? जावे. वारा अंगावर घ्यावा, समुद्राचे रंग पाहावेत, आणि प्रसन्न व्हावे. उगाच चेहरा पाडून उभे राहण्याचे कारण नाही. ओढून आणलेला शोक हाही एक देखावाच. पण तेथे माणसे पडली ही गोष्ट बरोबरच्या मुलांना सांगावी, आणि ती सांगताना रंगवून सांगू नये. किती उंचावरून पडली आणि किती कवट्या निघाल्या, याची चव घेत बोलणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा लोटणे. मग खाली उतरल्यावर, ज्या डोळ्यांनी तो देखावा पाहिला, त्याच डोळ्यांनी पदपथाकडे पाहावे.

आपल्यापैकी बहुतेकांना त्या बेटावर जावयाचे नाही, आणि न गेल्याने काही अडत नाही. परंतु आपले पुष्कळसे वाचक वर्षातून काही रात्री उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, अनोळखी गावच्या ओसरीवर काढतात. डोक्याखाली बोचके घेऊन निर्धास्त झोप लागते, ती कशामुळे, याचा विचार आपण क्वचितच करतो. कोणी तरी त्या वाटेवर आपल्याला इजा न करण्याचे ठरवलेले असते, कोणी दारातला दिवा लावून ठेवलेला असतो, कोणी म्हातारीला पाणी आणून दिलेले असते. सात समुद्रांपलीकडच्या एका लढवय्या राजाला ज्या गोष्टीचे मोल वल्ह्याचा घाव खाल्ल्यावर कळले, ती आपल्याला न मागता मिळत आली आहे. घरी परतल्यावर आपल्या ओट्यावर कोणी अनोळखी माणूस रात्रीपुरता टेकला, तर त्याला उठवण्यापूर्वी एवढे आठवले म्हणजे पुरे.